गेवराईचा मक्केतला पत्ता

मंडळी, अम्मीला घेऊन उमरा करून आलो, हे कळल्यापासून बऱ्याच जणांनी विचारलं, "म्हणजे छोटा हज ना?" म्हणतात तसं, पण एक फरक आहे. हज जिल्हिज महिन्याच्या ठरलेल्या दिवसांतच होतो आणि ऐपत असेल त्याच्यावर तो आयुष्यात एकदा फर्ज आहे. उमरा एरवी वर्षभरात कधीही करता येतो. मात्र कितीही उमरे केले तरी हजचा फर्ज फिटत नाही. हजच्या सोडतीत अम्मीचं नाव काही लागलं नाही आणि गुडघे थांबायला तयार नाहीत. म्हणून आधी उमरा.

आमच्याकडे तयारी म्हणजे आधी उधारी चुकवणं आणि मग घरोघर जाऊन "कहा-सुना माफ करा" म्हणणं. गल्लीतल्या हिंदू शेजारणींनीही अम्मीचे हात धरले, दुआ करायला सांगितलं. सामान त्यानंतर. माझ्यासाठी एहरामच्या दोन बिनशिवलेल्या पांढऱ्या चादरी. बायकांना नेहमीचेच अंगभर कपडे चालतात.

तिथले विधी मोजकेच. एहराम बांधून नियत करायची, काबेभोवती सात फेऱ्यांचा तवाफ, मग सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात खेपा, म्हणजे सई. ती तीन किलोमीटरच्या वर भरते. तवाफ अम्मीने हट्टाने पायी केला, सईला मात्र चाकाची खुर्ची घेतली. शेवटी केस कापले की उमरा पुरा.

मुंबईहून जेद्दा विमानाने साधारण साडेपाच तास. आमची दादी मात्र जुन्या लोकांच्या हजच्या गोष्टी सांगायची, त्यात महिनेच्या महिने जायचे. तेव्हा उमऱ्यासाठी वेगळं जाणं आमच्यासारख्यांना परवडणारं नव्हतं. हजला गेलं की त्यातच उमरा व्हायचा. गेवराई निजामाच्या राज्यात, रेल्वे गावात नाही. गोदावरी ओलांडून जालना गाठायचं, तिथून छोट्या रुळांच्या गाडीने मनमाड, गाडी बदलून मुंबई. राज्यात हाली सिक्का चालायचा, म्हणून इंग्रजी हद्दीत शिरताना पैसे बदलून 'कलदार' रुपये घ्यावे लागत. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना पुढे अनेकांचा मुक्काम झाला. मग मोगल लाईनचं जहाज. ही जहाजांची वाट 1995 साली कायमची बंद झाली.

दादीच्या गोष्टींत एक शब्द हमखास यायचा. रुबात, म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा. हैदराबादच्या निजामांनी एकोणिसाव्या शतकापासून आपल्या रयतेसाठी मक्केत अशा इमारती राखल्या होत्या. तिथे भाडं नाही. अम्मीने मक्केत पोचल्यावर पहिल्याच दिवशी विचारलं, "अपना रुबात किधर है?"

त्यातल्या बऱ्याच जुन्या इमारती हरमच्या विस्तारात गेल्या. पण सोय संपली नाही. हजच्या काळात उरलेल्या रुबातमध्ये यात्रेकरू मोफत राहतात. मधे वादांमुळे खंडही पडला, जागा मोजक्या म्हणून चिठ्ठ्या काढाव्या लागतात. आणि हक्क कुणाला? जुन्या हैदराबाद राज्यातल्या यात्रेकरूंना: तेलंगणा, कर्नाटकातले काही जिल्हे आणि आपला मराठवाडा.

मला हे विलक्षण वाटतं. ते राज्य 17 सप्टेंबर 1948 ला संपलं. तो दिवस आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो, आणि रझाकारांच्या आठवणी इथल्या कितीतरी घरांत अजून जाग्या आहेत. 1956 मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, 1960 मध्ये महाराष्ट्रात. हाली सिक्का गेला, हद्द पुसली गेली. मात्र मक्केत एका दाराशी गेवराईचा माणूस अजून त्या जुन्या नकाशाने ओळखला जातो. त्या राजवटीचा हिशेब इतिहासाने करायचा तो करावा. पण दानधर्मासाठी वक्फ केलेली जागा राज्य बुडालं म्हणून परत घेता येत नाही, इतकं मात्र इथे स्पष्ट दिसतं. राजाची हद्द गेली, रयतेचा हक्क राहिला.

अम्मीला हे सांगितल्यावर तिने एवढंच विचारलं, "मग त्यासाठी आधी हजला नाव लागायला पाहिजे ना?" हो, लागायला पाहिजे. या वर्षी पुन्हा अर्ज भरतोय.