प्रवेशाची अंतिम मुदत : नियम कोणासाठी झाला, बसला कोणाला

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या महाविद्यालयाच्या प्रवेश कक्षात एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "तारीख वाढणार आहे का?" हा प्रश्न दोन प्रकारच्या लोकांना पडलेला असतो. एक, ज्याचा दाखला तहसील कार्यालयात अडकला आहे तो विद्यार्थी. दुसरे, ज्यांच्या जागा रिकाम्या आहेत ते आम्ही. मुदतवाढ दोघांनाही हवी असते. कारणे मात्र वेगळी असतात, आणि मुदतवाढ न्याय्य की अन्याय्य या वादात बहुतेक गोंधळ ही दोन कारणे एकत्र केल्यामुळे होतो. ती वेगळी कशी झाली, हे गेल्या वीस-बावीस वर्षांतील न्यायालयीन निर्णयांतून पाहता येते.

सुरुवात वैद्यकीय प्रवेशांपासून करावी लागते. एमबीबीएसच्या शासकीय जागांपैकी १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जात. पण प्रत्येक राज्याची परीक्षा, निकाल आणि प्रवेश फेऱ्या आपापल्या सोयीने चालत. एका राज्याने उशीर केला की दुसरीकडची साखळी तुटे, विद्यार्थी हातातली जागा सोडून अधिक चांगल्या जागेकडे जात आणि मागची जागा सत्र सुरू झाल्यावर रिकामी होई. ती भरण्याच्या निमित्ताने वर्षाच्या मध्यावर प्रवेश देण्याची पद्धत रुळली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे मध्यावरचे प्रवेश अमान्य केले. एका वर्षाची रिकामी जागा पुढच्या वर्षाच्या जागांत मिळवता येणार नाही, असेही बजावले. पुढे १२ जानेवारी २००५ च्या निकालाने वेळापत्रक पक्के झाले आणि ३० सप्टेंबर ही एमबीबीएस प्रवेशाची शेवटची तारीख ठरली.

म्हणजे या तारखेचा रोख विद्यार्थ्यावर नव्हता. तो राज्यांवर, विद्यापीठांवर आणि महाविद्यालयांवर होता. हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे नेमका याचाच विसर पडला.

तारीख पाळली म्हणजे न्याय झाला, असेही नाही. छत्तीसगडमधील जगदलपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २००६ साली ३० सप्टेंबरलाच दोन विद्यार्थिनींना प्रवेश मिळाला. कागदावर मुदत तंतोतंत पाळलेली होती. परंतु जागा रिकाम्या असल्याची माहिती गुणवत्ता यादीतील इतरांपर्यंत पोहोचलीच नव्हती, आणि त्या दोघींपैकी एकीचे वडील वैद्यकीय शिक्षण खात्यात वरिष्ठ अधिकारी होते. प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत २०१२ उजाडले. तोवर अभ्यासक्रम जवळजवळ पूर्ण झाला होता, म्हणून न्यायालयाने प्रवेश रद्द केले नाहीत; पण प्रत्येकीला ५ लाख रुपये भरायला लावले. ज्यांची जागा गेली त्यांना यातून काय मिळाले, असा प्रश्न हे प्रकरण शिकवताना मुले नेहमी विचारतात. मला त्याचे समाधानकारक उत्तर देता आलेले नाही.

अभियांत्रिकीसाठी अशी चौकट डिसेंबर २०१२ मध्ये आली. पार्श्वनाथ चॅरिटेबल ट्रस्ट विरुद्ध अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद हा खटला मुळात महाविद्यालयाच्या मान्यतेचा, जागा बदलण्याचा. त्या निकालात न्यायालयाने संपूर्ण वेळापत्रकच घालून दिले : पहिली फेरी ३० जूनपर्यंत, दुसरी १० जुलैपर्यंत, शेवटची २० जुलैपर्यंत, सत्रारंभ १ ऑगस्टला आणि रिकाम्या जागांवरील प्रवेश फार तर १५ ऑगस्टपर्यंत. त्यानंतर कोणत्याही कोट्यातून प्रवेश नाही. आमच्यापैकी अनेकांना हे जाचक वाटले. मला तेव्हाही ते योग्य वाटले, कारण उशिरा आलेल्या मुलाची पहिल्या सत्रातली दैना मी वर्गात पाहिली आहे. गणित-१ मध्ये मॅट्रिक्स संपून कॅल्क्युलस सुरू झालेले असते, पहिली चाचणी होऊन गेलेली असते, आणि त्याला प्रवेश देणारी संस्था मात्र शुल्क पूर्ण वर्षाचे घेते. 'विद्यार्थ्यांच्या हितासाठी मुदतवाढ' ही ओळ वाचताना रिकाम्या बाकांचा हिशोबही डोळ्यांसमोर ठेवावा.

आता दुसरी बाजू. ओडिशातील एका माजी सैनिकाच्या मुलीने सैनिक कोट्यातून वैद्यकीय प्रवेश मागितला. जिल्हा सैनिक मंडळाने दिलेल्या प्रमाणपत्रात चूक होती, त्यामुळे ते ग्राह्य धरले गेले नाही. दुरुस्त प्रमाणपत्र मिळेपर्यंत तिच्यापेक्षा खालच्या क्रमांकाच्या उमेदवारांना जागा मिळून गेल्या. ऑक्टोबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला प्रवेश देण्यास सांगितले. त्यात एक महत्त्वाचा भेद केला आहे. अंतिम तारखेला पात्रता असलीच पाहिजे. पण त्या पात्रतेचा पुरावा सादर करणे ही कार्यपद्धतीची बाब आहे, आणि तिथे परिस्थितीनुसार सवलत देता येते. ती मुलगी अंतिम तारखेलाही माजी सैनिकाचीच मुलगी होती. उशीर झाला तो कागदाला. महाराष्ट्रात जातवैधता प्रमाणपत्रासाठी खेटे घालणाऱ्या कुटुंबांना हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

१३ डिसेंबर २०१९ च्या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हीच दिशा पुढे नेली. उमेदवार गुणवत्तेत बसतो, त्याची काही चूक नाही, तो वेळ न दवडता न्यायालयात आला आणि चूक यंत्रणेची आहे, अशा अपवादात्मक प्रकरणात ३० सप्टेंबरनंतरही महिनाभरात प्रवेश देता येईल. ते शक्य नसेल तर पुढच्या वर्षी. केवळ नुकसानभरपाई देऊन त्याची बोळवण करता येणार नाही. पूर्वीच्या एका निकालाने ती वाट जवळजवळ बंद केली होती.

पण चूक यंत्रणेचीही नाही आणि विद्यार्थ्याचीही नाही, तेव्हा? २०२१ मध्ये आयआयटी मुंबईत जागा मिळालेल्या एका दलित विद्यार्थ्याचे शुल्क ऑनलाइन भरणा होत नसल्याने अडकले. तो थेट खरगपूरला जाऊन आला. मुंबई उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. २२ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४२ खाली त्याला जागा दिली. २०२४ मध्ये मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादमध्ये विद्युत अभियांत्रिकी मिळाली. शुल्क १७,५०० रुपये, मुदत २४ जून, सायंकाळी ५. पैसे जमले पावणेपाचला. भरणा पूर्ण होण्याआधी पोर्टल बंद झाले. अनुसूचित जाती आयोग, झारखंडचे विधी सेवा प्राधिकरण, मद्रास उच्च न्यायालय अशी दारे ठोठावत तो दिल्लीला पोहोचला, आणि ३० सप्टेंबरला त्याच्या बाजूने आदेश झाला.

दोन्ही आदेशांतील युक्ती एकच : अधिसंख्य जागा, म्हणजे मंजूर संख्येव्यतिरिक्त एक जादा जागा. वेळेत पैसे भरलेल्या कोणालाही उठवायचे नाही. मुदतवाढीवरचा सर्वांत सबळ आक्षेप वेळेत आलेल्याच्या बाजूने असतो. त्यानेही कदाचित बैल विकून, दागिना गहाण ठेवून पाचच्या आत पैसे भरलेले असतात. प्रतीक्षा यादीत त्याच्या मागे असलेला रिकाम्या जागेची आशा धरून असतो. जादा जागेने या दोघांचेही काही जात नाही. मात्र प्रयोगशाळेतली टेबले मोजकी असलेल्या महाविद्यालयात ही युक्ती किती वेळा चालेल, याला मर्यादा आहे.

सर्वांसाठी एकदम मुदत वाढवणे कधी न्याय्य ठरते, याचे उदाहरण २०२०. करोनामुळे जेईई मेन सप्टेंबरवर गेली, महाराष्ट्राची सीईटी ऑक्टोबरमध्ये झाली, प्रथम वर्षाचे वर्ग डिसेंबरपर्यंत लांबले. अडचण सगळ्यांची होती, म्हणून सवलतही सगळ्यांना. एरवी, अडचण काहींची असताना तारीख सगळ्यांसाठी वाढवली की ती बातमी आधी कोणाला कळते, याकडे पाहावे. ज्याच्या घरी माहीतगार माणूस आहे त्याला. जगदलपुरात हेच झाले होते, आणि तिथे तर तारीख वाढलीही नव्हती. त्यामुळे शुल्कासाठी दोन-तीन दिवसांची जादा मुदत द्यायची असेल तर ती माहितीपुस्तिकेत आधीच छापावी, असे माझे मत आहे. महाविद्यालयांसाठीची तारीख मात्र हलवू नये.

वर्गात चर्चेसाठी : धनबादच्या प्रकरणात पैसे पावणेपाचऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी जमले असते, तर तुम्ही काय आदेश दिला असता? वेळेत शुल्क भरलेल्या विद्यार्थ्याचे वकील म्हणून आणि प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या विद्यार्थ्याचे वकील म्हणून प्रत्येकी एक पान लिहा.