अडकलेला टॅब आणि बंगळूरचा ब्राउझर

ब्राउझरमधला टॅब हँग होतो तो बहुतेक वेळा पानामागे चालणाऱ्या जावास्क्रिप्टमुळे. ब्रेंडन आइक यांनी ही भाषा मे १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीसाठी दहा दिवसांत तयार केली, ती पानावरची किरकोळ कामे करण्यासाठी. एका पानाची स्क्रिप्ट एका वेळी एकच काम करते आणि क्लिकची दखल घेणे, पानाची मांडणी करणे ही कामेही तिच्याच रांगेत उभी असतात. एखादा हिशेब लांबला की मागचे सगळे खोळंबते. बटण दाबले जात नाही, पान वरखाली सरकत नाही.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. पुढल्या वर्षी, ११ जुलै १९९६ रोजी, बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेचे पहिले दुकान उघडले ते सायबर कॅफे म्हणून. कॉफीबरोबर तिथे इंटरनेट मिळत असे. तेव्हाच्या प्रचलित ब्राउझरमध्ये टॅब नव्हते, प्रत्येक पानाला वेगळी खिडकी लागे. ब्राउझर अडकला की कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबायच्या. विंडोज ९५ मध्ये चालू प्रोग्रामांची यादी समोर येई, अडकलेल्या नावापुढे ‘नॉट रिस्पाँडिंग’ असा शेरा असे आणि ‘एंड टास्क’ दाबले की अर्धवट लिहिलेल्या मेलसकट सगळे जाई. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजणाऱ्याला हा इलाज महागच पडे.

नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या फायरफॉक्स १.० मुळे टॅब घरोघरी पोहोचले, २००६ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ७ नेही ते स्वीकारले. सोय झाली, पण दुखणे वाढले. सगळे टॅब एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच चालू प्रतीत, चालत असल्याने एक अडकला की उरलेलेही अडकत. फायरफॉक्सने यावर दोन उपाय काढले. स्क्रिप्ट काही सेकंदांत आटोपली नाही तर ती थांबवायची की चालू ठेवायची, हे वापरणाऱ्याला विचारले जाई. आणि २००६ च्या फायरफॉक्स २ पासून ब्राउझर कोसळला तरी आधीचे टॅब परत उघडता येऊ लागले. दोन्ही उपाय चांगले होते, पण वरवरचे.

मुळावरचा इलाज २ सप्टेंबर २००८ रोजी आला. त्या दिवशी गुगलने क्रोमची पहिली आवृत्ती दिली. तिच्यात टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालत. एखादा कोसळला तर त्या जागी खेद व्यक्त करणारे पान दिसे आणि बाकीचे टॅब सुरळीत राहत. शिफ्ट आणि एस्केप दाबले की क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. कोणता टॅब किती मेमरी आणि किती प्रोसेसर खातो आहे ते त्यात दिसते आणि नेमका तोच बंद करता येतो. अडकलेल्या टॅबवरचा हा आजही सगळ्यात सरळ उपाय आहे.

जुलै २०१० मध्ये बंगळूरच्या हिडन रिफ्लेक्स या कंपनीने एपिक ब्राउझर आणला. आलोक भारद्वाज यांच्या या कंपनीने भारतीय वापरणारा डोळ्यांसमोर ठेवला होता. भारतीय भाषांत लिहिण्याची सोय, कडेची पट्टी, अँटीव्हायरस असे बरेच काही ब्राउझरमध्येच दिले होते. पण पाया होता मोझिलाचा, म्हणजे फायरफॉक्सचा, आणि फायरफॉक्समध्ये तेव्हा टॅब वेगळे झालेले नव्हते. जून २०१० च्या ३.६.४ या आवृत्तीत फ्लॅशसारखे प्लगिन तेवढे वेगळ्या प्रोसेसमध्ये गेले. टॅब वेगळे करण्याचे काम ‘इलेक्ट्रोलिसिस’ या नावाने २००९ मध्येच सुरू झाले होते, पण जुन्या ॲड-ऑनची गुंतागुंत आड आली आणि ते सर्वसामान्यांपर्यंत पोहोचायला ऑगस्ट २०१६ उजाडला. बंगळूरच्या कंपनीने एवढी वाट पाहिली नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये एपिक नव्याने आला तो क्रोमियमच्या, म्हणजे क्रोमच्याच खुल्या गाभ्याच्या, पायावर, आणि आता त्याचा सारा भर खासगीपणावर होता. मागोवा घेणाऱ्या स्क्रिप्ट तो अडवतो. अशा स्क्रिप्ट कमी झाल्या की पानावरचे ओझेही हलके होते, हा त्यातला आनुषंगिक लाभ.

वेगळ्या प्रोसेसची किंमत मेमरीत मोजावी लागते, आणि कमी रॅमच्या यंत्रावर ती फार जाणवते. म्हणून क्रोमने २०१५ मध्ये मेमरी कमी पडली की न वापरलेले टॅब आपोआप रिकामे करण्याची सोय आणली. टॅब पट्टीवर दिसत राहतो, क्लिक केले की पान पुन्हा लोड होते. या वाटचालीत सगळ्यात मोलाची सुधारणा कोणती, असे विचारले तर प्रोसेस वेगळ्या करण्याचेच नाव घ्यावे लागेल.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने भारतीय ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली. तिच्या आयोजनात सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेचे बंगळूर केंद्र होते. मार्च २०२५ मध्ये एक कोटी रुपयांचे पहिले बक्षीस झोहो कॉर्पोरेशनला मिळाले. झोहोचा आधीपासूनचा उला ब्राउझर क्रोमियमवरच उभा आहे. एपिक असो वा उला, अडकलेल्या टॅबचा मूळ इलाज दोन्हींना क्रोमियमकडूनच मिळतो.