ब्रेक-समतोल
मोटारीच्या एकूण रोधक बलाची पुढील व मागील चाकांत होणारी विभागणी. ब्रेक लागताच जडत्वामुळे भार पुढे सरकतो, म्हणून १९८९ साली आलेल्या माझ्दा एमएक्स-५ या गाडीत उभ्या स्थितीत भार जवळजवळ समसमान वाटलेला असला, तरी गुरुत्वमध्याची उंची पुढील-मागील आसांमधील अंतराच्या (२,२६५ मिमी.) एकपंचमांश धरल्यास, गुरुत्वीय त्वरणाइतक्या मंदनाच्या वेळी ती वाटणी ७०:३० होते. केवळ पुढेच मोठे कॅलिपर बसविण्याचा जो प्रघात हौशी मंडळींत रूढ आहे, तो दिसण्यात भारदस्त असला तरी हितावह नव्हे. कारण कारखान्याने मुकरर केलेले प्रमाण त्याने बिघडून पुढील चाके अकाली जखडतात, मागील ब्रेकांची शक्ती वाया जाते व थांबण्याचे अंतर उलट वाढते. याउलट मागील चाके आधी जखडल्यास गाडी गर्रकन फिरते, आणि हा धोका अधिक भयंकर. सबब समतोलाचा किंचित कल पुढेच राखावा. मागील नळीत बसविलेली दाबनियंत्रक झडप मागील दाब घटवू शकते, वाढवू शकत नाही, ही गोष्ट खरेदीपूर्वीच ध्यानी घेणे अगत्याचे आहे. मागील बाजू कमी पडत असल्यास अधिक घर्षणाचे पॅड किंवा मोठ्या पिस्टनचे कॅलिपर यांचीच तजवीज करावी लागते. शर्यतीच्या गाड्यांत दोन मास्टर सिलिंडरांमधील समतोल-दांडा फिरवून हे प्रमाण चालकास बदलता येते. ओल्या रस्त्यावर मंदन, व म्हणून भाराचे स्थलांतरही, कमी असल्याने समतोल थोडा मागे वळवितात.