कडक स्प्रिंगचा इतिहास

सोलापुरात आमच्या मामूंचं गॅरेज होतं. दहावीच्या सुट्टीत मी तिथं पाने पुसायला आणि रॉकेलमध्ये पार्ट धुवायला जायचो. एक दिवस कॉलेजचा एक मुलगा जुनी पुशरॉडची बुलेट घेऊन आला. गाडी एका हद्दीपर्यंत छान ओढायची, तिच्यापुढे मूठ पिळली की नुसती फडफडायची. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, वॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक करून घे, मग बघ. मामूंनी ऐकलं आणि नकार दिला. दोन दिवसांनी मामू एका लग्नाला गुलबर्ग्याला गेले. मग गॅरेजमधल्या मोठ्या पोराने आणि मी मिळून ते काम उरकलं. कडक स्प्रिंगा आणायच्या कुठून? आहेत त्याच स्प्रिंगांखाली आम्ही दोन-दोन वायसर सरकवले. स्प्रिंग दबली, म्हणजे कडक झाली, एवढंच आमचं शास्त्र. संध्याकाळी तो मुलगा होटगी रोडवरून गाडी ढकलत परत आला. पुशरॉड वाकला होता.

त्या वायसरांच्या निमित्ताने या विषयाचा मला नाद लागला, तो आजतागायत आहे. इंजिनाच्या इतिहासात ताकदीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. वॉल्व्ह जागेवर परत आणणाऱ्या या तारेच्या वेटोळ्याबद्दल फार थोडं.

आधी काम समजून घेऊ. वॉल्व्ह उघडतो कॅम, आणि त्याच्यामागे सगळ्या इंजिनाचा जोर असतो. बंद करायला मात्र एकटी स्प्रिंग. फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. फेरे वाढले की वॉल्व्हला आवरायला लागणारा जोर वर्गाच्या पटीत वाढतो. फेरे दुप्पट झाले तर जोर चौपट हवा, ६,००० चे ७,००० करायचे तरी साधारण ३६ टक्के जास्त हवा. तेवढा नसेल तर वॉल्व्ह कॅमची साथ सोडून तरंगतो, उशिरा मिटतो, कधी पिस्टनवर आपटतो. ती फडफड हीच.

पण स्प्रिंग कडक केली की तो भार कुणाला तरी सोसावा लागतो. कॅम झिजतो, रॉकर झिजतो, पुशरॉड वाकतो. आणि स्प्रिंगला स्वतःचंही एक कंपन असतं. ठरावीक फेऱ्यांना तिच्या वेटोळ्यांतून लाट धावू लागते आणि नेमक्या गरजेच्या क्षणी तिचा दाब ढिला पडतो. म्हणून कारागिरांनी स्प्रिंगेच्या पोटात दुसरी स्प्रिंग बसवली. दोघींची कंपनं वेगळी, त्यामुळे एक बहकली तर दुसरी धरून ठेवते. दोघींचे पीळही उलटे, म्हणजे एकमेकींत अडकायला नको. बाहेरची तुटली तर आतली निदान वॉल्व्हला सिलिंडरमध्ये पडू देत नाही.

स्प्रिंगा तुटायच्याही फार. तारेवर नखाएवढा ओरखडा असला तरी लाखो दाबांनंतर चीर तिथूनच सुरू होते. १९३० च्या आसपास अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांत यावर एक अजब इलाज सापडला. स्प्रिंगेवर पोलादाच्या बारीक छऱ्यांचा मारा करायचा. माराने वरचा थर आतल्या आत घट्ट दाबला जातो, आणि दाबलेल्या थरात चीर सहजी उघडत नाही. जनरल मोटर्सच्या जॉन आल्मेन यांनी पुढे हा मारा किती झाला हे मोजायची पट्टी तयार केली. चांगल्या स्प्रिंगा आजही असा मार खाऊनच बाजारात येतात.

शर्यतीच्या गाड्यांत ही अडचण सगळ्यात आधी टोचू लागली. १९१२ साली पेजोने फ्रेंच ग्रां प्री जिंकली ती ७.६ लिटरच्या इंजिनावर. वर दोन कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला चार वॉल्व्ह. आजच्या इंजिनांचा साचा तिथेच पडला, पण त्याचे फेरे होते जेमतेम २,२०० च्या घरात. फेरे वाढत गेले तशी स्प्रिंग हरू लागली. नॉर्टनसारख्या इंग्रजी मोटरसायकलींनी केसाच्या आकड्यासारखी स्प्रिंग वापरली. ती उघड्यावर असायची, वाऱ्याने थंड राहायची. फेरारीच्या सुरुवातीच्या बारा सिलिंडरच्या इंजिनांतही तसल्याच होत्या.

काहींनी स्प्रिंगच काढून टाकली. वॉल्व्ह उघडायला एक कॅम आणि मिटायला दुसरा. याला डेस्मोड्रोमिक म्हणतात. १९१४ मध्ये देलाजने ते करून पाहिलं. ते खरं गाजलं १९५४ मध्ये, मर्सिडीजच्या डब्ल्यू १९६ गाडीमुळे. फान्जिओने त्या गाडीवर दोन वर्षं जग जिंकलं. मग इटलीत डुकाटीच्या फाबियो तालिओनी यांनी तीच कल्पना १२५ सीसीच्या छोट्या इंजिनात उतरवली. जुलै १९५६ मध्ये स्वीडनच्या हेडेमोरा इथं जानी देली आंतोनी हा स्वार ती गाडी घेऊन पहिल्यांदाच उतरला आणि जिंकला. इंजिन साडेबारा हजार फेऱ्यांपर्यंत बेधडक जात होतं. त्याच उन्हाळ्यात मोंझाच्या ट्रॅकवर सराव करताना देली आंतोनी मरण पावला. डुकाटीने कल्पना सोडली नाही. १९६८ पासून ती रस्त्यावरच्या गाड्यांतही आली.

मला स्वतःला याहून आवडते ती होंडाची गोष्ट. सोइचिरो होंडा लोहाराचा मुलगा. पंधराव्या वर्षी टोकियोच्या एका गॅरेजात कामाला लागला, तर मालकाने आधी हातात दिलं घरचं तान्हं बाळ, सांभाळायला. (पाने पुसणाऱ्या आम्हा पोरांना हे वाचून किती बरं वाटलं असतं!) त्याच्या कंपनीने १९५९ मध्ये आयल ऑफ मॅनच्या शर्यतीत पहिल्यांदा गाड्या उतरवल्या. सात वर्षांनी, १९६६ मध्ये, माईक हेलवूड होंडाच्या आरसी १६६ वर २५० सीसीचा जगज्जेता झाला, पुढच्या वर्षी पुन्हा. या गाडीला सहा सिलिंडर, २४ वॉल्व्ह आणि फेरे १८,०००. आणि त्या २४ वॉल्व्हना मिटायला होत्या आपल्या साध्याच वेटोळ्याच्या स्प्रिंगा!

हे जमलं कसं? इंजिनाचे रचनाकार शोइचिरो इरिमाजिरी तेव्हा पंचविशीतले होते. २५० सीसी सहा जणांत वाटली की एकेका सिलिंडरच्या वाट्याला जेमतेम ४१ सीसी येतात. त्यात चार वॉल्व्ह, म्हणजे प्रत्येक वॉल्व्ह किती चिमुकला! वस्तू सगळ्या बाजूंनी निम्मी केली तर तिचं वजन आठवा हिस्सा होतं. मर्सिडीजने स्प्रिंगेला घरी पाठवलं होतं, होंडाने तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. मला दुसरी युक्ती थोर वाटते.

तिलाही हद्द होतीच. १९८६ मध्ये रेनॉच्या ज्याँ-पिएर बूदी यांनी तारेच्या जागी दाबलेला नायट्रोजन आणला. वायूला वजन जवळजवळ नाही, त्यामुळे वेटोळ्यांतली ती लाटही नाही. त्या वर्षी आयर्टन सेनाची लोटस या इंजिनावर धावली. पुढे सगळ्या फॉर्म्युला वनने ती पद्धत उचलली आणि २००६ मध्ये कॉसवर्थचं इंजिन २०,००० फेऱ्यांना पोचलं. मग नियम करणाऱ्यांनीच लगाम घातला. २००७ मध्ये १९,०००, २००९ मध्ये १८,०००.

आता आमच्या बुलेटकडे. मामू परत आले, हेड खोललं, स्प्रिंग हातात घेऊन उजेडाकडे धरली. वेटोळ्यांच्या कडा चकचकीत झाल्या होत्या. वायसरांमुळे स्प्रिंग आधीच इतकी दबली होती, की वॉल्व्ह पूर्ण उघडताना वेटोळ्याला वेटोळं भिडत होतं. कॅम ढकलतोय आणि पुढे लोखंडाचा ठोकळा, मग पुशरॉड वाकणारच. मामू ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "दबने कू जगा छोडे क्या तुम?"

मग त्यांनी दुकानातून साध्या, कंपनीच्या मापाच्याच नव्या स्प्रिंगा मागवल्या आणि जुनी-नवी शेजारी उभी केली. जुनी चांगली दोन मिलिमीटर आखूड होती, वर्षानुवर्षं दबून बसलेली. नव्या बसवल्या, वॉल्व्ह घासले, टॅपेट लावले. गाडीची फडफड गेली. म्हणजे तिला कडक स्प्रिंग कधीच नको होती.

पुशरॉडचे पैसे मामूंनी त्या मुलाकडून घेतले नाहीत. अर्धे मोठ्या पोराच्या पगारातून कापले, अर्धे माझ्या ईदीतून. चारही वायसर तारेत ओवून त्यांनी कामाच्या टेबलामागच्या खिळ्याला टांगले. पुढे कुणी स्प्रिंग कडक करून मागितली की मामू काही बोलायचे नाहीत. खिळ्याकडे बघायचे, मग माझ्याकडे.