कॅमेऱ्यातील आगंतुक

काशीच्या रामघाटावर सांगवेद विद्यालय आहे. वेदपाठात परके अक्षर शिरू नये, हा त्या परंपरेचा दंडक. घाटावर पहाटेची गंगा टिपणाऱ्या कॅमेऱ्यात मात्र परकी आज्ञावली हौसेने आणली जाते.

२००९ साली ट्रॅमेल हडसन यांनी कॅननच्या ‘फाइव्ह-डी मार्क टू’साठी ‘मॅजिक लँटर्न’ रचले. चलच्चित्र घेताना ध्वनीची पातळी हाताने जुळवण्याची सोय त्या यंत्रात तेव्हा नव्हती. मूळ आज्ञावली त्यांनी पुसली नाही. भर राहिली कार्डावर. यंत्रात उमटली ती ‘आधी कार्ड पाहा’ एवढीच खूण. कार्ड काढले की सुटलो, असे पुष्कळांस वाटते. पण खूण राहते, आणि आरंभखुणेचे परंतु रिकामे कार्ड पुढे घातले, तर कॅमेरा सुरूच होत नाही. म्हणून कार्ड आत असतानाच ‘फर्मवेअर अपडेट’ चालवून, पडद्यावरील सूचनेनुसार खूण मिटवावी. कार्ड त्यानंतर पुसावे.