दस्तुरखुद्द, निशाणी आणि ग्राहक : स्वाक्षरीयुक्त स्मृतिवस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या कायद्याचा विचार

थोर अगर लोकप्रिय व्यक्तीची स्वाक्षरी असलेली वस्तू जेव्हा विकत घेतली जाते, तेव्हा खरेदीदार नेमकी कशाची किंमत मोजतो? ग्रंथाच्या प्रती, छायाचित्रे, क्रिकेटच्या बॅटी आणि चेंडू बाजारात हजारोंनी मिळतात. त्यांपैकी एका वस्तूवर विशिष्ट व्यक्तीचा हात फिरला, एवढ्याच कारणाने तिची किंमत अनेक पटींनी वाढते. म्हणजे विकली जाते ती केवळ वस्तू नव्हे, तर पूर्वी घडून गेलेल्या एका घटनेची ग्वाही होय. ही ग्वाही खोटी निघाल्यास वस्तू जशीच्या तशी हातात राहते आणि तिचे मूल्य मात्र नाहीसे होते.

या व्यवहारासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. करार, मालविक्री, पुरावा आणि ग्राहकसंरक्षण यांविषयीचे सर्वसाधारण कायदेच त्यास लागू होतात. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे दोन ग्रामीण तालुके या प्रश्नाच्या चर्चेत आडवळणाचे वाटण्याचा संभव आहे. परंतु सहीच्या खरेखोटेपणावर माणसाचे सर्वस्व अवलंबून असण्याचा अनुभव येथील शेतकऱ्याने व आदिवासीने कोणत्याही संग्राहकाच्या कितीतरी आधी घेतलेला आहे. त्या अनुभवातून कायदा जे शिकला, ते स्मृतिवस्तूंच्या बाजारापर्यंत अद्याप पोचलेले नाही, हे प्रस्तुत विवेचनावरून दिसून येईल.

१. सहीची मराठी परंपरा

मराठेशाहीतील राजपत्राची सत्यता आजच्या अर्थाने स्वाक्षरीवर अवलंबून नसे. पत्राच्या आरंभीची मुद्रा, अखेरचे मोर्तब आणि दप्तरातील नोंद ही त्याच्या खरेपणाची अंगे होती. गावच्या पातळीवरील महजर, करारपत्रे आणि खरेदीखते यांची रीत याहून निराळी होती. पाटील अगर कुणबी लिहिता येत नसल्यास आपली ‘निशाणी नांगर’ करी. महाराची निशाणी विळा, तर स्त्रीची बांगडी असे. मजकूर दुसऱ्याने लिहिला असल्यास ‘बिकलम’ या शब्दापुढे त्या लेखकाचे नाव येई. ज्याचे त्याने स्वहस्ते लिहिले असल्यास ‘दस्तुरखुद्द’ असा निर्देश असे. त्याखाली साक्षीदारांची नावे येत.

या परिभाषेचे महत्त्व लक्षात घेण्यासारखे आहे. दस्त कोणाचा, तो लिहिला कोणी आणि कोणासमक्ष लिहिला, या तीन गोष्टी तीत वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. निशाणीचा नांगर कोणालाही काढता येईल; यास्तव नांगराचे खरेपण त्याच्या आकारात नसून भोवती बसलेल्या गोतात होते. ब्रिटिश अमदानीतील कायद्याने हेच तत्त्व आपल्या भाषेत मांडले. ज्यास नाव लिहिता येत नाही त्याच्या बाबतीत ‘सही करणे’ यात ‘निशाणी करणे’ अंतर्भूत आहे, असे १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा अधिनियमाने सांगितले. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याने साक्षांकनासाठी दोन साक्षीदारांची अपेक्षा केली. या साक्षीदारांनी दस्त करून देणाऱ्यास सही अगर निशाणी करताना पाहिलेले असावे, किंवा ती आपलीच आहे असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे.

२. शहापूर-मुरबाड आणि अंगठ्याचा ठसा

शहापूर तालुका हा जुन्या कोळवण प्रांताचा भाग. आग्रा रस्ता आणि १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत पोचलेला लोहमार्ग यांमुळे त्याचा मुंबईच्या बाजाराशी संबंध लवकर आला. मुरबाड लोहमार्गापासून दूर राहिला; तेथील व्यापार कल्याणचा रस्ता आणि नाणेघाट-माळशेजच्या वाटा यांवर चाले. दोन्हीकडील वस्ती मुख्यत्वे कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, वारली आणि कातकरी यांची. पावसाळ्याच्या तोंडाशी खावटीसाठी सावकाराकडे जाणे आणि पीक हाती येताच ते फेडणे, हा येथील अर्थव्यवहाराचा नित्याचा क्रम होता. या व्यवहारात निशाणीची जागा हळूहळू अंगठ्याने घेतली.

ठशांचा आधुनिक पद्धतीचा उपयोग प्रथम भारतातच व्यवहारात आला. १८५८ मध्ये बंगालमधील विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका करारावर हाताचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांची कचेरी स्थापन झाली. आणि १८९९ मध्ये पुराव्याच्या कायद्यात ठशांविषयीचे तज्ज्ञमत ग्राह्य ठरले. ठसा नांगराच्या चित्राहून निःसंशय अधिक विश्वसनीय होता. तथापि तो एकच गोष्ट सिद्ध करी : कागदाला हा अंगठा लागला. त्या वेळी कागदावर काय लिहिलेले होते, किंबहुना काही लिहिलेले होते की नाही, हे ठसा सांगत नसे. कोऱ्या कागदावर घेतलेला अंगठा हा पूर्णतः खरा असूनही त्यावरचा व्यवहार पूर्णतः खोटा असू शके. शास्त्राने सहीचे खरेपण वाढविले, परंतु साक्षीचे महत्त्व कमी झाल्याने फसवणुकीस नवीन वाट मिळाली.

कायद्याने या दोषावर केलेले उपाय टप्प्याटप्प्याने आले. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्याचा दस्त गाव-निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा व त्याच्यासमोर सही व्हावी, अशी व्यवस्था केली. परंतु तो कायदा मुळात पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता, ठाण्यासाठी नव्हता. १९३६ च्या आदेशाने शहापूर तालुका अंशतः वगळलेल्या क्षेत्रात गणला गेला. अशा क्षेत्रांतील आदिवासींच्या स्थितीविषयी सिमिंग्टन यांचा अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला व सावकारी पाशाचा प्रश्न शासनापुढे स्पष्टपणे आला. त्यानंतर १९४६ च्या मुंबई सावकार कायद्याने परवाना, हिशेबाच्या वह्या, ऋणकोस द्यावयाचे कर्जाचे विवरण आणि पावती ही सावकाराची कर्तव्ये ठरविली. रिकाम्या जागा सोडलेला दस्त घेण्यास त्याने मनाई केली. २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या नव्या सावकारी कायद्याने त्याची जागा घेतली.

येथे घडलेला बदल मूलभूत आहे. “अंगठा तुझाच ना?” हा प्रश्न पूर्वी ऋणकोस विचारला जाई आणि त्याचे उत्तर ‘होय’ असल्यास वाद संपे. नव्या कायद्याने दुसरा प्रश्न सावकारास विचारला : “तुझी वही कोठे आहे, आणि त्याला कागद कोणता दिलास?” व्यवहाराची माहिती ज्याच्याजवळ आहे, त्यानेच ती लिहून ठेवावी व दुसऱ्यास द्यावी, हा तो धडा होय. जमिनीच्या बाबतीत विधिमंडळ याच्याही पुढे गेले. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याविषयीचा कायदा १९७४ मध्ये करण्यात आला. सही खरी असली तरी व्यवहार टिकलाच पाहिजे असे नाही, हे त्याने मान्य केले.

३. सही विकाऊ होते तेव्हा

वर वर्णिलेल्या व्यवहारात सही हे बंधनाचे साधन होते. स्मृतिवस्तूंच्या व्यवहारात ती स्वतःच विक्रीची वस्तू बनते. याचे एक सुपरिचित उदाहरण म्हणजे महात्मा गांधी हरिजन निधीसाठी स्वाक्षरीमागे ५ रुपये घेत असत. या व्यवहारात फसवणुकीस वावच नव्हता, कारण सही करणारा स्वतःच विकणारा होता आणि घेणारा समोर उभा होता. प्रश्न उद्भवतो तो वस्तू दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या हाती गेल्यावर.

अशा खरेदीदारास १८७२ च्या करार कायद्याने कपट व असत्य कथन यांविरुद्ध करार रद्द करून घेण्याचा हक्क दिला. १९३० च्या मालविक्री कायद्याने, वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे, अशी गर्भित शर्त घातली. मात्र त्याच कायद्यात खरेदीदाराने स्वतः सावध राहावे हे तत्त्वही कायम राहिले, आणि दाद मागावयाची ती दिवाणी न्यायालयात. मुरबाडच्या खरेदीदाराने दोन-तीन हजार रुपयांच्या बॅटीसाठी दिवाणी दावा लावणे व्यवहारतः अशक्यच होते.

ही उणीव भरून काढणाऱ्या चळवळीत महाराष्ट्र अग्रभागी होता. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यास ग्राहक पंचायतीची स्थापना केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा पातळीवर मंच आणले. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. खरा असल्याचा खोटा दावा केलेला माल, अशी त्याने बनावट मालाची व्याख्या केली आहे, आणि खोटी स्वाक्षरी असलेली वस्तू तीत सरळ बसते. छापलेली स्वाक्षरी हातची म्हणून विकणे हे अनुचित व्यापारी प्रथेत मोडेल. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार नेता येत असल्याने, दूरच्या शहरातील विक्रेत्याकडून भ्रमणध्वनीवर वस्तू मागविणाऱ्या शहापूरच्या ग्राहकास ठाण्याच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क नाही. मात्र मुदत दोन वर्षांची आहे, आणि नफ्यासाठी पुनर्विक्री करणारा ‘ग्राहक’ ठरत नाही.

४. सिद्ध कोणी करावे?

एवढी दारे उघडल्यावरही खरी अडचण शिल्लक राहते ती पुराव्याची. चाचणीवाचून दोष कळत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो; पण तिचे शुल्क तक्रारदाराने भरावयाचे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील मार्ग मुख्यत्वे तीन आहेत : हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत, त्या व्यक्तीच्या अक्षराशी परिचित असलेल्याचे मत आणि न्यायालयाने स्वतः केलेली तुलना. चेंडूवरील घाईची स्वाक्षरी अगर यंत्राच्या लेखणीने उमटविलेली स्वाक्षरी यांपुढे हे तिन्ही मार्ग दुबळे पडतात.

याच कायद्यातील एक चौथी तरतूद अधिक बोधप्रद आहे. तीस वर्षांपूर्वीचा दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आला असेल तर त्यावरील सही खरी आहे असे न्यायालयास गृहीत धरता येते. येथे कायदा अक्षराकडे न पाहता कागद कोठून आला याकडे पाहतो. संग्राहक ज्यास वस्तूची परंपरा म्हणतात, ती ही होय. तथापि विक्रेत्याने ही परंपरा लेखी द्यावी असे बंधन भारतीय कायद्यात नाही. तो सामान्यतः ‘सत्यतेचे प्रमाणपत्र’ देतो. पुष्कळदा त्यात वस्तू खरी आहे एवढेच विधान असते. सही कोणासमक्ष झाली, वस्तू कोणाकडून आली, याविषयी मौन असते. कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याचा जो दोष, तोच येथे उलट्या बाजूने दिसतो : तेथे ठसा होता पण मजकूर नव्हता, येथे मजकूर आहे पण साक्ष नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने या प्रश्नास थेट हात घातला. तेथे प्रथम क्रीडाविषयक वस्तूंपुरता असलेला कायदा १ जानेवारी २०१७ पासून सर्व स्वाक्षरीयुक्त संग्राह्य वस्तूंना लागू झाला. सही विक्रेत्यासमक्ष झाली असल्यास तिचा दिनांक, स्थळ व साक्षीदाराचे नाव प्रमाणपत्रात द्यावे, त्याची प्रत सात वर्षे जपावी आणि कसूर झाल्यास प्रत्यक्ष नुकसानीखेरीज त्याच्या दहापटीपर्यंत दंड सोसावा, असे त्याचे स्वरूप होते. लेखकांच्या सहीच्या प्रती विकणाऱ्या पुस्तकविक्रेत्यांना हा भार असह्य झाला. वाद न्यायालयात गेला, आणि त्याच वर्षी कायदा दुरुस्त करून किमान किंमत ५ डॉलरवरून ५० डॉलरवर नेण्यात आली. साक्ष, दिनांक, जपलेली प्रत हा तपशील १९४६ च्या मुंबईच्या कायद्याशी किती जुळतो हे सांगावयास नको. कर्तव्य अतिव्यापक ठेवल्यास ते प्रामाणिक विक्रेत्यावरच पडते, हाही या इतिहासाचा दुसरा धडा आहे.

५. विकणारा ग्रामस्थ

शहापूर-मुरबाडचा मनुष्य या बाजारात केवळ खरेदीदार नाही. घरच्या पेटीतील मोडी कागद, जुने रोखे आणि स्वातंत्र्यलढ्यातील पत्रे विकणाराही तोच असतो. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्या काळातील कागदास आज ऐंशीहून अधिक वर्षे झाली. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक मूल्य असलेला दस्तऐवज ७५ वर्षांनंतर पुरावस्तू ठरतो. त्याच्या व्यापारास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस तो निर्यात करता येत नाही. पण रद्दीच्या भावाने कागद देऊन टाकणाऱ्या ग्रामस्थास ग्राहकसंरक्षणाचा कायदा काहीच देत नाही, कारण तो ग्राहक नसतो. मोबदला अपुरा होता एवढ्याच कारणाने करारही मोडत नाही.

या विक्रीत नुकसान दुहेरी होते. घराला किंमत मिळत नाही, आणि कागद योग्य ताब्यातून सुटल्याने त्याचे पुराव्याचे बळही क्षीण होते. जो रोखा उद्या जमिनीच्या अगर वंशाच्या दाव्यात उपयोगी पडला असता, तो दलालाच्या गठ्ठ्यात गेल्यावर केवळ शोभेचा कागद उरतो. इतिहासाच्या अभ्यासकाचे नुकसानही तेच आहे.

तात्पर्य, वस्तू कोणाकडून आली, सही कोणासमक्ष झाली आणि प्रमाणपत्राची प्रत कोठे आहे, या तीन गोष्टी लिहून देण्याचे कर्तव्य विशिष्ट किमतीपुढील व्यवहारात व्यावसायिक विक्रेत्यावर ठेवणे, एवढीच सुधारणा पुरेशी होईल. ग्रामस्थाकडून कागद घेणाऱ्या व्यापाऱ्यानेही तशीच नोंद केल्यास विकणारा व घेणारा दोघेही सुरक्षित राहतील. ही कल्पना परकी नाही. ‘दस्तुरखुद्द’, ‘बिकलम’ आणि ‘साक्ष’ हे तीन शब्द दस्ताच्या तळाशी लिहिणाऱ्या गावच्या कुळकर्ण्यास तिचे प्रयोजन पुरते ठाऊक होते.