एकदा सिझेरियन, म्हणजे नेहमीच?

‘एकदा सिझेरियन, म्हणजे पुढेही सिझेरियनच’ हे आपण सारेच ऐकतो. या वाक्याचा उगम १९१६ सालचा. पहिलीच शस्त्रक्रिया विनाकारण करू नका, हे बजावण्यासाठी न्यूयॉर्कचे डॉ. एडविन क्रेगिन यांनी ते वापरले. तेव्हा गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागावर उभा छेद घेत. कळांच्या जोराने तो व्रण फाटण्याची भीती असे. १९२०च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो केर यांनी खालच्या, पातळ भागावरील आडव्या छेदाचा पुरस्कार केला. कळांचा ताण तिथे कमी पडतो. कारण बदलले, नियम उरला.

१९९९ साली अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने ‘डॉक्टर तत्काळ हजर हवेत’ असे सांगितले आणि अनेक लहान रुग्णालयांनी अशी बाळंतपणे घेणेच थांबवले. २०१० साली त्याच संघटनेने दोन सिझेरियन झालेल्या काही स्त्रियांनाही नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येईल, असे मान्य केले. त्याच वर्षीच्या एका आढाव्यात अशा शंभरांपैकी सुमारे ७१ जणींना यश आले. व्रण फाटण्याचे प्रमाण १.३६ टक्के होते. उलट, प्रत्येक सिझेरियनगणिक वार व्रणात रुतण्याचा धोका वाढतो.

म्हणून आम्ही म्हणतो, आधी विचारावे: मागचा छेद कोणता होता? तातडीच्या शस्त्रक्रियेची, रक्ताची सोय आहे का?